मोठेपणी पहिल्यांदाच जुना हॉलिवूड म्युझिकल बघायचाय, कोणता बघू? बोअर तर नाही ना होणार?

तुम्ही लिहिलंय की वय पस्तीसच्या पुढे, लहानपणी घरी इंग्रजी पिक्चरची सवय नव्हती आणि माणसं बोलता बोलता मधेच गायला लागली की हसू येतं. ही शेवटची तक्रार काही पटली नाही बुवा. आपल्याकडे संगीत नाटकात राजा दरबार थांबवून पद म्हणायचा आणि लोक वन्समोअर देऊन त्याला परत तेच म्हणायला लावायचे, आणि हिंदी पिक्चरमधे तर विचारूच नका, त्यामुळे याची सवय आपल्याला अमेरिकनांपेक्षा जास्तच असायला हवी.

तर सरळ उत्तर, सिंगिंग इन द रेन बघा. 1952 चा, एमजीएम स्टुडिओचा, जीन केली आणि स्टॅनली डोनन दोघांनी मिळून डिरेक्ट केलेला, आणि मुख्य म्हणजे पावणेदोन तासांच्या आत संपतो, कारण या जातीचे पुढचे बरेच पिक्चर तीन तासांच्या घरात जातात. मी स्वतः चाळिशीला टेकल्यावर बघितला आणि मला वाटतं तेच बरं झालं, लहानपणी बघितला असता तर पावसातला नाच तेवढा लक्षात राहिला असता आणि त्यातली खरी गंमत डोक्यावरून गेली असती.

खरी गंमत म्हणजे हा आवाजाबद्दलचा पिक्चर आहे. गोष्ट 1927 ची, द जॅझ सिंगर हा बोलपट येतो, बोलपट चालणार हे दिसायला लागतं आणि सगळ्या मूकपटवाल्यांची पळापळ सुरू होते. डॉन (म्हणजे जीन केलीच) आणि लीना ही त्या काळातली हिट जोडी, पण लीनाचा आवाज म्हणजे पाटीवर खिळा ओढल्यासारखा. जीन हेगन या नटीनं ती लीना अशी काही केलीय की बास. माइकचा सीन तर मी परत मागे नेऊन बघितला. आधी माइक झुडपात लपवतात, तर ही मान हलवत बोलते म्हणून निम्मे शब्द गायब, मग ड्रेसमधे छातीपाशी शिवतात तर धडधड ऐकू येते, मग खांद्याला लावतात, आणि तेवढ्यात स्टुडिओचा मालक येतो, जमिनीवरची वायर बघून 'हे काय धोकादायक' म्हणून ओढतो आणि लीनाबाई उलट्या! शेवटी केथी नावाच्या नवख्या पोरीचा आवाज गुपचूप लीनाच्या तोंडी घालतात आणि पुढे भर थेटरात स्टेजवर पडदा ओढून ते उघडं पाडतात.

इथे आमच्या आईसाहेब, ज्या शेजारी बसून मटार सोलत होत्या, त्या म्हणाल्या, "अरे मग त्यात काय एवढं? लताबाईंनी कितीजणींना आवाज दिला, कुणी पडदा ओढला का?"

मला हसू आलं, पण मुद्दा बिनतोड होता. ज्या गोष्टीवर तिकडे पिक्चरचा क्लायमॅक्स होतो तो आपल्याकडे राजरोस धंदा आहे. अर्थात आपल्याकडेही नाव लगेच मिळालं असं नाही. महल (1949) मधल्या लताबाईंच्या 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर सुरुवातीला गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पिक्चरमधल्या पात्राचं नाव! फिल्मफेअरनं प्लेबॅकचं बक्षीस द्यायला 1959 साल उजाडलं. त्यामुळे केथीची बाजू कळायला आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

लीनासुद्धा आपल्याकडे होतीच की. म्हणजे आवाज तसा नाही, पण अडचण तीच. सुलोचना, आपल्या सुलोचनादीदी नव्हेत, मूकपटातली रुबी मायर्स, जन्म पुण्याचा, त्या काळातली सगळ्यात मोठी स्टार, आणि 1931 ला आलम आरा हा आपला पहिला बोलपट आल्यावर पंचाईत अशी की हिंदुस्तानी धड बोलता येईना. तिनं मग भाषा शिकून परत काम केलं, लीनासारखा दुसरीचा आवाज नाही उचलला. आणि आलम आराचं शूटिंग तरी कसं, तर स्टुडिओशेजारून रेल्वे जायची म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर, माइक नटांच्या आसपास लपवून. म्हणजे ते झुडूप काही लेखकांनी नुसतं विनोदासाठी आणलेलं नाही.

आता सगळ्यात भारी गोष्ट, जी मला नंतर वाचताना कळली. केथीचं काम करणारी डेबी रेनॉल्ड्स तेव्हा 19 वर्षांची होती, जिम्नॅस्टिक्स केलेली पण नाचणारी नव्हे. जिथे ही पोरगी लीनासाठी 'वुड यू' गाते, ते गाणं खरं तर बेटी नॉयेस नावाच्या गायिकेनं म्हटलंय. आणि जिथे ती लीनाचे संवाद डब करते तिथला तो गोड आवाज खुद्द जीन हेगनचा, म्हणजे लीनाचाच! आणि बेटी नॉयेसचं नाव पिक्चरमधे कुठेच नाही. 'बिचारीला श्रेय द्या' म्हणून गळा काढणारा पिक्चर आणि स्वतः काय करतो बघा.

नाचाबद्दल एवढंच सांगतो की कॅमेरा लांब ठेवलाय, डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस दिसतो आणि शॉट बराच वेळ तुटत नाही. आजच्या गाण्यांत दर सेकंदाला कट असतो, कोण खरं नाचतंय कळतच नाही, इथे लपायला जागा नाही. डॉनच्या मित्राचं काम करणारा डोनल्ड ओकॉनर भिंतीवर धावत चढून उलटी मारतो ते बघा. आणि ते पावसातलं गाणं, केलीला तेव्हा 103 ताप होता म्हणतात, पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. छत्री हातात असून मिटलेली, पन्हाळीखाली मुद्दाम तोंड धरून उभा राहतो, डबक्यात लहान पोरासारखा थयथयाट करतो, मग पोलीस येऊन नुसता बघत उभा राहिल्यावर एकदम शहाण्यासारखा चालायला लागतो आणि जाता जाता छत्री एका भिजणाऱ्या माणसाला देऊन टाकतो. गाणं मुळात 1929 चं, या पिक्चरसाठी लिहिलेलंच नाही. प्रोड्युसर आर्थर फ्रीड हाच गीतकार, त्यानं आपली जुनी गाणी लेखकांपुढे टाकली आणि सांगितलं यांच्याभोवती गोष्ट रचा.

बोअर होईल का? होईल, एका ठिकाणी. शेवटाकडे ब्रॉडवेचा एक लांबलचक बॅले आहे, गोष्टीशी काडीचा संबंध नाही. सिड चॅरिस या नर्तकीचा हिरवा ड्रेस येईपर्यंत बसा, मग चहा टाकायला उठलात तरी चालेल. जाणकार मला मारतील, पण खरं ते सांगितलं.

हा आवडला तर पुढचा माय फेअर लेडी (1964) घ्या, ती फुलराणी बघितलं असेल तर गोष्ट अर्धी माहितीच असेल. आणि हो, त्यातही नायिका ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेनं म्हटलीयत, पडद्यावर नाव न येता. साउंड ऑफ म्युझिक मात्र घरात पोरं असतील तर त्यांच्यासोबत बघा, एकट्यानं बघायला मला तो जरा जास्तच गोड वाटतो.