डॉक्टर न होता हृदयाच्या ठोक्यांवर संशोधन करता येईल का?

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं. घरात आजीला लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाची झडप आकसलेली, त्यातून ठोके अनियमित झालेले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी आणि रक्त पातळ करायला वॉर्फरिन दिलं. वाडीतल्याच एका काकांना मुंबईत त्याच 'एट्रियल फिब्रिलेशन'साठी (ठोके अनियमित होण्याचा हा आजार) ॲब्लेशन केलं, म्हणजे ठोके पुन्हा नियमित करायला हृदयात तार नेऊन बिघडलेली जागा निकामी केली, आणि रक्त पातळ करणारी नवी, वेगळी गोळी दिली. "आजार एक, मग उपचार दोन का? हे ठरवलं कुणी?" असं मुलीने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मोठमोठ्या अभ्यासांवरून ठरतं. तेव्हापासून तिला असे अभ्यास करणाऱ्यांत जायचंय. वडील लिहितात, "चेडू हुशार आहे, पण नीटमधून सरकारी सीट लागेल असं वाटत नाही आणि खासगी कॉलेजची फी बागेच्या उत्पन्नात बसत नाही. डॉक्टर न होता यात जाता येतं, की हा नुसता नाद आहे?"

नमस्कार. जाता येतं. आणि तुमच्या लेकीने डॉक्टरांना जे विचारलं ते इतकं नेमकं आहे की आधी त्याचंच उत्तर देतो. त्यातूनच पुढे काय शिकायचं ते कळेल.

ठोके पुन्हा नियमित करावेत की नुसता वेग आवरावा, हा वाद जुना आहे. 2002 साली 'अफर्म' या 4060 रुग्णांच्या चाचणीत दिसलं की ठोके नियमित ठेवण्याची धडपड करून मृत्यू काही कमी होत नाहीत. मग 2020 मध्ये 'ईस्ट' चाचणीने 2789 रुग्णांवर वेगळं दाखवलं: आजार कळल्यापासून वर्षभराच्या आत ठोके सुधारायला घेतले, तर हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात यांसारख्या गोष्टी मिळून कमी घडतात. दोन्ही अभ्यास खरे आहेत. फरक पडला तो रुग्ण कुठले निवडले आणि उपचार कधी सुरू झाले यामुळे. झडप आकसलेली असेल तर हिशेब आणखी बदलतो. अशाच ऱ्हुमॅटिक रुग्णांवर आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत मिळून 'इन्व्हिक्टस' चाचणी झाली, तिचा निकाल 2022 मध्ये आला. साडेचार हजारांवर रुग्ण होते. त्यांच्यात रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीपेक्षा, रिव्हरॉक्सबॅनपेक्षा, जुन्या पद्धतीच्या औषधांवर, म्हणजे मुख्यतः वॉर्फरिनवर असलेले लोक कमी दगावले. म्हणजे तुमच्या आईंना जुनी गोळी आणि शेजारच्या काकांना नवी, यात कुणाची चूक नाही. (डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोघांनीही गोळीत बदल करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.)

आता एक चाचणी तिला मुद्दाम सांगा. 1980 च्या दशकात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना मध्येच पडणारे जादा ठोके दाबणारी औषधं सर्रास दिली जात. एन्केनाइड, फ्लेकेनाइड. ठोके दबायचे, ईसीजी चांगला यायचा, डॉक्टर समाधानी. 'कास्ट' चाचणीने निम्म्यांना औषध दिलं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. 1991 च्या अहवालानुसार सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 मेले, दुसऱ्या गटात 743 पैकी 26. ठोके सुधारले होते आणि माणसं जास्त जात होती. ही चाचणी झाली नसती तर चांगल्या हेतूने किती जीव गेले असते, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. तुमच्या लेकीला ज्या कामाची ओढ आहे त्याचा गाभा हा आहे: यंत्र काय दाखवतं यावर न थांबता, पुढे त्या माणसाचं काय झालं ते शोधून काढणं.

आणि हे शोधणं फार जमिनीवरचं काम आहे. दर सहा महिन्यांनी रुग्णाला फोन करायचा. मधल्या काळात ॲडमिट झाला होतात का? कुठल्या तारखेला? डिस्चार्ज कार्ड आहे का, त्याचा फोटो पाठवता का? कोकणातला म्हातारा माणूस पावसाळ्यात मुलाकडे बोरिवलीला जातो, गणपतीला गावी येतो, मधेच नंबर बदलतो. तो सापडला नाही तर त्याच्या नावापुढे रकाना रिकामा राहतो. न सापडलेल्यांतच दगावलेले जास्त असतील तर निकाल खोटा ठरतो. तुम्ही पत्रात लिहिलंत की मोसमात कणकवलीला जाणं होत नाही आणि आईंची आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी) राहते. वॉर्फरिन घेणाऱ्याचा तो आकडा साधारण दोन ते तीनच्या मधे राहावा लागतो. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. वाडीवस्तीवरच्या माणसाचा आकडा त्या मर्यादेत कसा ठेवायचा, हाच मुळात संशोधनाचा विषय आहे आणि तो मुंबईतल्यापेक्षा तुमच्या मुलीला जास्त कळतो.

डॉक्टरकीची वाट थोडक्यात: एमबीबीएस, मग एमडी, मग हृदयरोगात डीएम, त्यावर ठोक्यांच्या विकारांचं खास प्रशिक्षण. बारा-तेरा वर्षं सहज जातात. तिने नीट द्यावी, जरूर द्यावी, सिंधुदुर्गात ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सीट नाही मिळाली तर मन मारून तिसऱ्यांदा-चौथ्यांदा रिपीट करायला लावू नका.

दुसरी वाट कार्डिॲक टेक्नॉलॉजीच्या पदवीची. मांडीतल्या शिरेतून हृदयापर्यंत तारा नेऊन आतला विद्युतप्रवाह तपासतात, तेव्हा पडद्यावरच्या रेषा वाचायला डॉक्टरांच्या बरोबरीने तंत्रज्ञ बसलेला असतो. पेसमेकर तपासणारेही हेच लोक. काम कौशल्याचं आहे, या क्षेत्रातल्या तंत्रज्ञांसाठी आंतरराष्ट्रीय परीक्षाही आहे. कॉलेज निवडताना एवढंच विचारा: तुमच्या कॅथ लॅबमध्ये (तारा नेऊन हृदय तपासतात त्या खोलीत) नुसती अँजिओग्राफी होते, की इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या, म्हणजे ठोक्यांच्या विद्युतप्रवाहाच्या, केसेसही होतात? दुसरं होत नसेल तर तिला हवं ते तिथे शिकायला मिळणार नाही.

माझा कल मात्र तिसऱ्या वाटेकडे आहे. "ठरवलं कुणी" हा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे. संख्याशास्त्रात बी.एस्सी., त्यानंतर बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्रात, एम.एस्सी. मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही त्यासाठी चांगली नावं. सार्वजनिक आरोग्याकडे वळावंसं वाटलं तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) आहे आणि ते फक्त डॉक्टरांसाठी नाही. फी खासगी मेडिकलच्या जवळपासही जात नाही. म्हणून बारावीत गणित सोडू देऊ नका. मेडिकलच्या नादात मुलं सगळ्यात आधी तेच सोडतात.

तिच्यासाठी एक काम. आजीचे जुने ईसीजी काढ. तो कागद थर्मल असतो, त्यावरच्या रेषा फिक्या होत जातात, तेव्हा आधी झेरॉक्स. नेहमीच्या वेगाने काढलेल्या ईसीजीत लहान चौकोन म्हणजे 0.04 सेकंद आणि मोठा 0.2. एका उंच टोकापासून पुढच्या टोकापर्यंतचे चौकोन मोज, सेकंदांत वहीत लिही, असे सलग वीस तरी. मग घरातल्या ठणठणीत माणसाच्या ईसीजीवर तेच कर. दोन्ही रांगांचा आलेख काढ. त्यात दोन तास कसे गेले ते कळलं नाही, तर मला पुन्हा लिही, पुढचं सांगतो.

पैशाबद्दल खरं सांगायचं तर संशोधनातल्या सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नवा शोधायचा. पीएच.डी.च्या काळात नेट-जेआरएफ (परीक्षेतून मिळणारी सरकारी संशोधनवृत्ती) मिळाली तर घरून पैसे घ्यावे लागत नाहीत. संख्याशास्त्र पक्कं असेल तर औषध कंपन्यांच्या चाचण्यांतही मागणी असते, हा त्या वाटेचा आधार.

शेवटची गोष्ट, कारण जाहिराती तुमच्यापर्यंत पोचल्याच असतील. 'क्लिनिकल रिसर्च'चा सहा महिन्यांचा डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी, फी लाखाच्या घरात. बारावीनंतर लगेच अशा ठिकाणी पैसे गुंतवू नका. कुणी फारच आग्रह केला तर दोन गोष्टी लेखी मागा: हा डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा, आणि मागच्या वर्षीची मुलं कुठल्या चाचणीवर काम करतायत. भारतातल्या चाचण्या 2009 पासून सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवाव्याच लागतात आणि ती कुणालाही मोबाइलवर फुकट पाहता येते. सांगितलेली चाचणी तिथे सापडते का, ते तुमची लेक पाच मिनिटांत तपासून देईल.