घडीच्या चाकूचं पातं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (निपाणी): वखारीत पोती उघडायला, सुतळी कापायला खिशात घडीचा चाकू लागतो. पूर्वी पाठीला खोलगट उतार दिलेली टोकदार पाती मिळायची. आता सरळ धारेची, नाक खाली वळलेली पाती जास्त दिसतात. यात उपयोग किती आणि फॅशन किती?

उत्तर: तुमच्या कामापुरता तरी उपयोगच जास्त आहे. तुम्ही म्हणता ते जुनं पातं म्हणजे क्लिप पॉइंट. टोकाजवळची पाठ उतरती कापल्यामुळे टोक बारीक होतं, आणि धार टोकाकडे गोलाईनं वर चढते. या गोलाईला पोट म्हणतात. जनावर सोलायला पोट लागतं. 1964 साली आलेला अमेरिकेतला बक 110 हा घडीचा चाकू शिकाऱ्यांसाठीच होता, आणि लॉकच्या (उघडल्यावर पातं पक्कं अडकणाऱ्या) चाकूंत हा आकार त्यानंच लोकप्रिय केला. पुढं 1980 च्या दशकात टांटोची (जाड टोकाचं, दोन सरळ धारा कोपऱ्यात मिळणारं पातं) लाट आली, मग ड्रॉप पॉइंटची (पाठ टोकाकडे गोलाईनं उतरणारं, पोट असलेलं पातं).

आता परतलेले शीपफूट आणि व्हार्नक्लिफ हे दोन्ही आकार जुनेच आहेत. हलत्या जहाजावर दोर कापताना टोक कुणाला लागू नये म्हणून खलाशी शीपफूट वापरत. दोन्हींची धार सरळ असते. फरक पाठीत आहे. शीपफूटची पाठ टोकाजवळ एकदम वळते, त्यामुळे नाक जाड आणि दणकट राहतं. व्हार्नक्लिफची पाठ बरीच आधीपासून हळूहळू उतरते, म्हणून टोक अणकुचीदार असतं, पण नाजूकही.

सरळ धारेचा फायदा ओढून कापताना कळतो. सुतळी, गोणपाट, प्लॅस्टिकची पट्टी किंवा ठिबकची 16 मिमी नळी कापताना पोटाच्या पात्यावरून माल टोकाकडे घसरतो. सरळ धारेवर तो जागच्या जागी राहतो आणि दाब टोकापर्यंत पोचतो. शिवाय पोतं उघडताना शीपफूटचं नाक आतल्या मालात घुसत नाही. वखारीसाठी तेच घ्या, पातं 6 ते 7 सेंमी पुरे. मात्र मटण साफ करणं किंवा डब्यातून लोणी काढणं असल्या कामांना ते निरुपयोगी आहे. एकाच चाकूवर घर आणि शेत दोन्ही भागवायचं असेल, तर ड्रॉप पॉइंट बरा.

प्रश्न (अथणी): द्राक्षाच्या कलमाला साधा खिशातला चाकू चालेल का?

उत्तर: नको. पाचर कलमात डोळकाडीला (खुंटावर बसवायच्या काडीला) दोन्ही बाजूंनी 3 ते 4 सेंमीचा सपाट काप लागतो, आणि तोही एका ओढीत. पोटाच्या पात्यानं काप खोलगट होतो. मग खुंटात बसवल्यावर मधे फट राहते, सालीखालचे हिरवे थर एकमेकांना भिडत नाहीत आणि डोळकाडी सुकते. कलमाच्या चाकूचं पातं सरळ असतं, उतार एकाच बाजूला असतो. धार लावताना उताराची बाजूच निसण्यावर घासायची. सपाट बाजू फक्त आडवी टेकवून कड (घासताना धारेवर उलटलेला बारीक पत्रा) काढायची. ती बाजू उचलून घासली की चाकू बिघडला. डावखुऱ्यांसाठी उलट उताराचा चाकू मिळतो, तो मागून घ्या. एका वेलीवरून दुसरीवर जाताना पातं 70 टक्के अल्कोहोलनं पुसा.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): टांटो पातं कारखान्यात जास्त टिकतं का?

उत्तर: टोक टिकतं, कारण तिथं लोखंड जाड असतं. पण दोन सरळ धारा जिथं मिळतात तो कोपरा निसण्यावर पटकन गोल होतो. त्या दोन वेगळ्या पाती समजून एकेक धार स्वतंत्र लावावी लागते. खोकी आणि पट्ट्या कापायला शीपफूट सोपं. टोकानं स्क्रू फिरवायचा असेल तर स्क्रू ड्रायव्हरच वापरा.

प्रश्न (खानापूर): काजूची फांदी छाटताना क्लिप पॉइंटचं टोक 5 मिमी मोडलं. चाकू टाकून द्यावा का?

उत्तर: टाकू नका, त्याचं शीपफूट करता येतं. नवं नाक मार्करनं आखा. घासायची ती पाठ, धार नव्हे. घडीच्या चाकूत मिटल्यावर पाठ बाहेरच्या अंगाला असते. धारेकडून घासून आकार दिला, तर नवं टोक पाठीच्या रेषेत येतं आणि मिटलेल्या मुठीबाहेर डोकावून खिसा फाडतं, बोटही कापतं. पाठीकडून घासलं की टोक मुठीत खोल बसतं.

कानस किंवा जाड निसणा सगळ्यात सुरक्षित, कारण पातं तापत नाही. पण कडक पात्यावर कानस घसरते, तेव्हा ग्राइंडर लागतो. तो वापरताना पातं दोन-तीन सेकंद टेकवा, लगेच पाण्यात बुडवा. चाकू उघडाच ठेवा, मुठीकडचा सांधा फडक्यानं गुंडाळा, नाहीतर कीस आत जाऊन खरखरतो. पातं निळं पडलं तर ते साधारण 300 अंशांपर्यंत तापलंय, म्हणजे तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं आणि धार टिकणार नाही. पातळ टोक सगळ्यात आधी तापतं, तिथं आल्यावर ग्राइंडर सोडून निसण्यावर या.

शेवटी धार प्रत्येक बाजूनं 20 अंशांवर लावा. पातं 2 सेंमी रुंद असेल तर पाठ निसण्यापासून 7 मिमी उचलली की तो कोन येतो. मग चाकू मिटवून मुठीवरून कापडाचा तुकडा ओढा. कापड कुठं अडकलं, तर पाठ अजून थोडी उतरवा.