विद्यार्थी खेळाडूने फॉरेन्सिक सायन्स निवडण्यामागची प्रेरणा म्हणून काय सांगावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही महाविद्यालयाच्या संघातून धावता आणि फॉरेन्सिक सायन्सच्या, म्हणजेच न्यायसहायक विज्ञानाच्या, अभ्यासक्रमासाठी अर्ज करत आहात. अर्जात प्रेरणेविषयी जो परिच्छेद लिहायचा असतो, त्यात खेळाने दिलेली शिस्त, चिकाटी आणि संघभावना लिहिली तर पुरेसे होईल का, आणि सराव व प्रयोगशाळा एकाच वेळी निभावेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. शिस्त आणि चिकाटी या गोष्टी खेळाडू बँकेच्या नोकरीच्या अर्जातही लिहितो, त्यामुळे त्यांतून फॉरेन्सिकच का, हे कोणालाच कळत नाही. 'पीडितांना न्याय मिळवून द्यायचा आहे' हे वाक्य त्याहून वाईट, कारण न्याय देणे हे प्रयोगशाळेचे कामच नाही. मी स्वतः चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावत असे आणि आज एका प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात काम करते. हा रस्ता मी का धरला, यावरून माझ्या प्रशिक्षकांशी माझा जो वाद झाला तो आजही मिटलेला नाही, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या संघातील एका मुलीची स्पर्धेनंतर उत्तेजक चाचणीसाठी निवड झाली. खेळाडूला सोबत एक प्रतिनिधी नेता येतो, तशी मी तिच्याबरोबर गेले. मूत्राचा नमुना देताना महिला अधिकारी तिच्यासोबत आत गेली, बाकी सारे माझ्या डोळ्यांसमोर घडले. तिने सीलबंद संचांपैकी एक स्वतः निवडला. डब्यावरचा, बाटल्यांवरचा आणि झाकणांवरचा क्रमांक एकच आहे ना, हे तिलाच मोठ्याने वाचून पाहायला सांगितले. नमुना किमान ९० मिलिलिटर भरायला हवा, तो भरला. मग तिने स्वतःच्या हाताने तो अ आणि ब अशा दोन बाटल्यांत ओतला आणि झाकणे फिरवली. ते झाकण एकाच दिशेने फिरते आणि प्रत्येक दात्यावर टक् टक् असा आवाज येतो; एकदा घट्ट बसले की बाटली वा झाकण मोडल्याशिवाय ते निघू नये, अशीच त्याची रचना असते. उरलेल्या थेंबांवर नमुना फार पातळ नाही ना हे तपासले गेले. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि पूरक आहार अर्जात लिहायचे होते, तेथे तिने आपल्या पावडरीचे नाव प्रामाणिकपणे लिहिले. अर्जाच्या ज्या प्रतीबरोबर बाटल्या जातात तिच्यावर खेळाडूचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. ज्या व्यक्तीचे भवितव्य त्या बाटलीत आहे तिचे नावही तपासणाऱ्याला माहीत नसते, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली आणि ती माझ्या मनातून कधीच गेली नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला: मिथाइलहेक्सेनअमीन हे उत्तेजक सापडले होते. त्यानंतर जे झाले ते पाहून मी अस्वस्थ झाले. जो तो आपले मत घेऊन तयार होता. काहींनी तिला लबाड ठरवले, काहींनी तिच्या साधेपणाची ग्वाही दिली, आणि आमच्या प्रशिक्षकांनी सगळा दोष प्रयोगशाळेवर टाकला. त्यांनी ब नमुना उघडण्याचा आग्रह धरला आणि तो निर्दोष येईल अशी सर्वांना आशा लावली. वास्तविक ब बाटलीत तेच मूत्र असते. अ बाटलीच्या विश्लेषणात चूक झाली असेल तर ब बाटली ती उघडी पाडते. पदार्थ शरीरात आला कसा, याविषयी ती काहीही सांगू शकत नाही. ब नमुन्याने पहिला निकाल कायम केला, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, सगळे एकमेकांना सामील आहेत.

पदार्थ आला कसा, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नव्हते. तिच्या पावडरीच्या डब्यावर जिरेनियम या वनस्पतीचा अर्क असे छापलेले होते, आणि हे उत्तेजक त्याच नावाखाली विकले जात असल्याचे तोवर अनेक ठिकाणी उघड झाले होते. तो डबा तपासायला पाठवायचा असे ठरले, तर तो अर्धा वापरलेला आणि झाकण सैल झालेला. सुनावणी मंडळापुढे असा डबा ठेवून उपयोग नव्हता, कारण त्यात नंतर कोणीही काहीही मिसळू शकले असते. हवा होता तो त्याच बॅचचा, न उघडलेला डबा. प्रशिक्षकांनी संतापाच्या भरात संघाच्या खोलीतले असे सर्व डबे फेकून दिले होते. ते बदला घेत नव्हते, मुलांना वाचवावे हाच त्यांचा हेतू होता, पण तिच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात घातला. सुदैवाने दुसऱ्या एका मुलीने आपला डबा घरी नेलेला होता. बॅच क्रमांक तोच, वरचे पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन शाबूत. आम्ही तो हलवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढली, पिशवीत घालून पिशवी बंद केली, त्यावर तारीख, वेळ आणि दोघींच्या सह्या केल्या, आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद ठेवली. त्यात तोच पदार्थ सापडला. शिक्षा पूर्णपणे टळली नाही, कारण आपल्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा उत्तेजकविरोधी नियमांचा पाया आहे. पण तिची मोठी चूक नव्हती हे मान्य होऊन बंदीचा काळ कमी झाला.

त्यानंतर मी फॉरेन्सिक विषशास्त्राकडे जाण्याचा निर्णय सांगितला, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "ज्यांनी तिचं वाटोळं केलं, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसणार का?" मी त्यांचा आदर करते, मला अडथळ्यांवरून पाय टाकायला त्यांनीच शिकवले. पण हे वाक्य तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहे. जिच्या निकालाने ती दोषी ठरली आणि जिच्या निकालाने तिची शिक्षा घटली ती विद्या एकच. मिश्रणातील घटक वेगळे करायचे, त्यांचे रेणू फोडून तुकड्यांच्या वस्तुमानावरून ओळख पटवायची. हे करणारे यंत्र मूत्र पाहते तसेच पावडर पाहते, आणि त्याला कोणाची बाजू नसते. बाजू असते ती माणसांना. म्हणूनच माणसांच्या हातून नमुना जपला जाण्याचे नियम इतके कडक ठेवावे लागतात.

हा नमुना जपण्याचा भाग किती मोलाचा असतो हे पाहायचे असेल तर सोचीचे २०१४ चे हिवाळी ऑलिंपिक पाहा. तेथील प्रयोगशाळेत भिंतीतल्या छिद्रातून रशियन खेळाडूंच्या बाटल्या बाहेर जात आणि त्यांतले मूत्र बदलून त्या परत येत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने नेमलेल्या रिचर्ड मॅक्लॅरन यांच्या चौकशीत झाकणांच्या आतल्या बाजूला उघडल्याचे ओरखडे सापडले, काही नमुन्यांत मानवी शरीरात असूच शकत नाही इतके मीठ आढळले, आणि महिला खेळाडूंच्या नावावरील दोन नमुन्यांत पुरुषाचा डीएनए निघाला. प्रयोगशाळेची लबाडी उघडी पाडली तीही प्रयोगशाळेच्याच पद्धतींनी. खेळाडूच्या अर्जात मला असे काही वाचायला आवडेल, कारण येथे खेळ आणि फॉरेन्सिक यांचे नाते ओढूनताणून जोडावे लागत नाही.

आमच्या प्रशिक्षकांचे दुसरे म्हणणे असे होते की प्रयोगशाळा माणसाला फक्त अडकवते. डीएनएचा इतिहास नेमके उलट सांगतो. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली. जवळच्याच गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन मुलींचे खून झाले होते, आणि सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या तपासणीतून दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे आहेत आणि तो पुरुष हा मुलगा नव्हे, असे निष्पन्न झाले. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. गुन्ह्याच्या तपासात उतरलेल्या या पद्धतीने आरंभीच एका निरपराध मुलाला सोडवले, आणि तेही त्याने स्वतः गुन्हा कबूल केलेला असताना.

याचा अर्थ प्रयोगशाळा चुकत नाही असा मुळीच नाही. २००४ मधील माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर सापडलेला बोटाचा एक ठसा अमेरिकेतील ओरेगॉनच्या एका वकिलाचा असल्याचे अनुभवी तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले. तो निर्दोष माणूस कोठडीत गेला आणि स्पॅनिश पोलिसांनी तोच ठसा दुसऱ्याचा असल्याचे दाखवून दिल्यावरच सुटला. तज्ज्ञांनी वकिलाच्या ठशावरून मागे येत घटनेनंतर सापडलेल्या ठशात तीच वैशिष्ट्ये पाहिली, असे नंतरच्या चौकशीत आढळले. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने तर पेशीकेंद्रातील डीएनएचे विश्लेषण वगळता, पुरावा एका विशिष्ट व्यक्तीशी खात्रीने जोडण्याची क्षमता कोणत्याही पद्धतीने काटेकोरपणे सिद्ध केलेली नाही, असे म्हटले. प्रशिक्षकांनी हे मुद्दे मांडले असते तर मी त्यांच्याशी वाद घातला नसता, त्यांच्यापुढे बसून ऐकले असते. चुकणाऱ्या पद्धती सुधारायला आत जाऊन काम करणारी माणसे लागतात, बाहेरून शिव्या देणारी नव्हे.

आता तुमच्या परिच्छेदाविषयी. खेळाडूकडे या क्षेत्रासाठी खरोखर मोलाचे असे एकच काही असते, असे माझे मत आहे: आपल्या इच्छेची दखल न घेणाऱ्या मोजमापाखाली तो वर्षानुवर्षे जगलेला असतो. वेगवान शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत पाय हलला तर सुरुवात चुकीची धरली जाते, मग पाहणाऱ्या एकालाही ते दिसलेले नसो. तुम्ही किती मेहनत घेतली, घरी काय संकट होते, हे मोजणाऱ्या यंत्राला ठाऊक नसते, आणि तुम्ही ते स्वीकारून पुढच्या शर्यतीची तयारी करता. विषशास्त्रात माझे दिवस याच वृत्तीवर चालतात. बाटली आली की आधी तिचे सील सोबत पाठवलेल्या सीलच्या ठशाशी जुळते का ते पाहायचे, जुळत नसेल तर तसे लिहायचे. रक्तातील अल्कोहोल मोजायचे असेल तर बाटलीत सोडियम फ्लोराइड घातले होते का हे पाहायचे, कारण ते नसेल तर सूक्ष्मजीव बाटलीतच अल्कोहोल तयार करू शकतात आणि न प्यायलेला माणूस कागदावर प्यायलेला ठरू शकतो. बातम्या वाचून एखाद्या आरोपीविषयी कितीही चीड आली असली तरी आकडा जो आला तोच लिहायचा. तुमच्या खेळात अशी एखादी वेळ आली असेल, जेव्हा मोजमाप तुमच्या विरुद्ध गेले आणि ते बरोबर आहे हे तुम्हाला कळले, तर ती लिहा. नसेल तर शिस्तीचा परिच्छेद लिहू नका. रसायनशास्त्रातला कोणता प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही ते सांगा.

विषयांबाबत थोडक्यात: रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राचा पाया पक्का असल्याशिवाय केवळ फॉरेन्सिक हे नाव असलेल्या पदवीच्या मागे लागू नका, आणि संख्याशास्त्र टाळू नका, कारण न्यायालयात तुमची खरी परीक्षा तेथेच होते. सराव जमेल का, याचे उत्तर तुमच्या प्रात्यक्षिकांच्या वेळापत्रकावर आहे; विश्लेषण अर्ध्यावर सोडून मैदानावर पळता येत नाही. पहिल्या वर्षी जमते, प्रकल्पाच्या वर्षी दोन्हींपैकी एक मागे पडते. माझ्या बाबतीत अडथळे मागे पडले आणि मला त्याचे दुःख झाले.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. भेसळयुक्त पावडरीची सबब सांगणारे सर्वच खेळाडू खरे बोलत नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या प्रकरणावरून ते सगळे खरेच बोलतात असा समज करून घेऊ नका. बहुतेक प्रयोगशाळा नेमणुकीपूर्वी पार्श्वभूमी तपासतात आणि नियम देशागणिक वेगळे असतात, तेव्हा तुमच्यावर पूर्वी उत्तेजकांची कारवाई झाली असेल तर अर्जात ती लपवू नका. आणि अजून स्पर्धेत उतरत असाल तर पूरक आहार शक्यतो टाळा. घ्यायचाच असेल तर त्याच बॅचचा एक सीलबंद डबा आणि खरेदीची पावती जपून ठेवा, तो डबा कोणालाही उघडू देऊ नका, आणि प्रशिक्षक रागावून तो फेकून देणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा.