डोंगर लागला!

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. बुवाबाजीविरुद्ध गावोगाव प्रयोग केले. हातातून अंगारा काढला आणि तो कसा काढला तेही लोकांना दाखवलं. सध्या मुलाकडे ॲरिझोनात, गिल्बर्टला आलोय. मागच्या अंगणातून पूर्वेला एक डोंगररांग दिसते. नाव काय, तर सुपरस्टिशन माउंटन्स, म्हणजे अंधश्रद्धेचे डोंगर! संध्याकाळ झाली की मी खुर्ची ओढून तिच्याकडे तोंड करून बसतो. चहा गार होतो, हाका मारल्या तरी उठवत नाही. परवा तर डोळ्यांत पाणी आलं, कारण काहीच नव्हतं. सून हसून म्हणते, "बाबांना डोंगर लागला." शेजारचे गृहस्थ म्हणतात, तिथे चुंबकीय ऊर्जा आहे. तुम्ही भूगर्भशास्त्रातल्या, शिवाय त्या भागात राहिलेल्या. खरंच काही आहे का तिथे? आणि अडुसष्टाव्या वर्षी एकदा जवळ जाऊन यावं का?

उत्तर : सर, आयुष्यभर अंधश्रद्धेशी भांडलात आणि उतारवयात लागावा तर तोच डोंगर! पत्र वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले. मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसले नाही, कारण तुमच्या शेजारच्या मेसा शहरातल्या नऊ वर्षांत माझीही खुर्ची त्याच दिशेला असायची.

आधी शेजाऱ्यांची ऊर्जा निकालात काढू. हे सगळे ज्वालामुखीचे खडक. त्यांत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, एखाद्या दगडाला होकायंत्र टेकवलंत तर सुई जराशी सरकेलही. पण ते चुंबकत्व तुमच्या खुर्चीपर्यंत, तीस किलोमीटरवर येऊन डोळ्यांत पाणी आणणार नाही. हे मी तुम्हाला शिकवायला नको.

संध्याकाळी तो कडा का पेटतो, तेही तुम्ही फळ्यावर लिहून दाखवलं असेल. मावळतीचा प्रकाश हवेतून लांबचा प्रवास करून येतो, निळा वाटेत विखुरतो, उरतो तांबडा. तो समोरून थेट पश्चिमेच्या कड्यावर पडतो आणि खडकात लोह असल्यामुळे दगड आधीच तांबूस. वाळवंटाची कोरडी हवा यात भर घालते. धुरकटपणा नसला की डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही, तीस किलोमीटरवरचा डोंगर शेवटच्या घरामागे उभा आहे असं वाटतं. शिवाय त्याला पायथ्याच्या टेकड्या जवळपास नाहीतच. सहाशे मीटरवरची सपाट जमीन आणि तिच्यातून एकदम पंधराशे मीटरपर्यंत गेलेली भिंत. अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड स्फोट झाले, तापलेल्या राखेचे लोट जमिनीवर बसले आणि स्वतःच्याच उष्णतेने सांधले गेले. तुम्ही बघताय ती बरीचशी राख आहे. अंगाऱ्याचे प्रयोग करणाऱ्या माणसाला हे आवडावं.

एवढं सगळं मला ठाऊक होतं, तरी मी रोज बसायचे.

आता नावाबद्दल. खाली सॉल्ट नदीच्या खोऱ्यात शेती करणारे पिमा लोक, ते स्वतःला 'अकिमेल ओओधाम' म्हणजे नदीचे लोक म्हणवतात, या डोंगराला वचकून असत. त्यांच्या गोष्टी ऐकून गोऱ्या शेतकऱ्यांनी त्याला अंधश्रद्धेचा डोंगर म्हणायला सुरुवात केली, असं सांगतात. कड्यावर आडवा फिकट पट्टा दिसतो ना? पिमांच्या कथेत तो महापुराच्या फेसाची खूण आहे आणि माथ्यावरचे सुळके म्हणजे पुरातून वर पळालेली, तिथेच दगड झालेली माणसं. अपाची लोकांच्या कथांत इथे मेघगर्जनेचा देव राहतो. जुलैत एकदा तिथलं वादळ ऐका, मग त्या देवाची टिंगल करणं जड जाईल. पहिले थेंब पडायच्या आत क्रिओसोटच्या झुडपांचा वास येतो, डांबर आणि ओली माती यांच्या मधला काहीतरी, आणि मग कड्यामागून गडगडाट घरंगळत येतो.

गोऱ्यांनी नाव ठेवलं अंधश्रद्धा, आणि पुढे स्वतः काय केलं? सोन्याच्या मागे लागले. जेकब वॉल्ट्झ नावाचा एक जर्मन म्हातारा 25 ऑक्टोबर 1891 रोजी फिनिक्समध्ये वारला. त्याच वर्षी नदीला आलेल्या पुरात त्याचं शेत गेलं होतं. ज्युलिया थॉमस नावाच्या बाईने त्याची शुश्रूषा केली होती. मरताना त्याने डोंगरातल्या सोन्याच्या खाणीची वाट सांगितली म्हणे. 1892 च्या उन्हाळ्यात ती शोधायला निघाली आणि रिकाम्या हाताने परतली. तेव्हापासून माणसं शोधताहेत. 1931 च्या जूनमध्ये ॲडॉल्फ रूथ नावाचे गृहस्थ नकाशा घेऊन आत गेले. डिसेंबरात त्यांची कवटी सापडली. 1 जानेवारी 1984 पासून या डोंगराच्या संरक्षित अरण्यात खाणीचा नवा हक्क नोंदवताच येत नाही. तरीही लोक जातात. खरं सोनं निघालं ते पायथ्याशी, गोल्डफील्डला, या राखेच्या डोंगराबाहेर.

यांतला एक मला भेटला होता. फेब्रुवारीत पेराल्टाच्या वाटेने फ्रिमाँट खिंडीत चढले होते. तिथे पोचलं की समोर वीव्हर्स नीडल हा सुळका एकदम पुढ्यात येतो. धाप लागलेली असते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. एक सत्तरीचा माणूस दगडावर बसला होता. मांडीवर प्लॅस्टिकच्या पाकिटात नकाशा, घड्या पडून पडून मधोमध चौकोनी भोक पडलेला. त्याने मला वेळ विचारली. दुपारी चार वाजता सुळक्याची सावली खाणीवर पडते, अशी दंतकथा आहे. मी म्हटलं, "चार, पण कुठल्या महिन्यातले? फेब्रुवारीतली सावली आणि जूनमधली सावली एका जागी पडत नाही." तो शांतपणे म्हणाला, "तेच तर शोधतोय. एकवीस वर्षं झाली."

मग त्याने मला अर्धं संत्रं दिलं आणि साल खिशात ठेवत म्हणाला की खाण नाही, हे त्याला पहिल्या पाच वर्षांतच कळलं. "मग येता कशाला?" तो म्हणाला, "बायकोला काय सांगू? डोंगर बघायला जातो? सोनं शोधायला जातो म्हटलं की ती डबा भरून देते."

सर, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. ओढ आहे. ती खरी आहे. पण घरी सांगता येईल असं कारण तिच्याजवळ नाही, म्हणून प्रत्येक जण एक कारण शोधतो. कुणी सोनं म्हणतो, कुणी देव, तुमचे शेजारी चुंबक म्हणतात. तुमची पंचाईत अशी की यांतलं एकही कारण तुम्हाला चालत नाही, त्यामुळे तुम्ही नुसते बसता आणि चहा गार होतो. माझ्या मते तुमचीच रीत सगळ्यांत प्रामाणिक. त्या माथ्यावर देऊळ नाही, पायऱ्या नाहीत, दर्शनाची रांग नाही, नवस बोलावा असंही कुणी नाही. डोंगराला आपल्याकडून काहीही नकोय. सगळा जन्म लोकांना काहीतरी पटवून देण्यात गेलेल्या माणसाला तेवढ्यानेही रडू येऊ शकतं. (शिक्षकांच्या घरात वाढलेय, म्हणून हे धाडस.)

जवळ जायचं का? जरूर जा, पण एप्रिल संपायच्या आत. नंतरचं ऊन तरण्याताठ्यांनाही आडवं करतं. सायफन ड्रॉ या घळीतून फ्लॅटआयर्न या कड्याच्या माथ्यावर जायच्या भानगडीत पडू नका. साडेआठशे मीटरची चढण आहे, शेवटी हातांनी दगड धरत चढावं लागतं. लॉस्ट डचमन स्टेट पार्कमधली ट्रेझर लूप ही वाट बघा. साधारण चार किलोमीटर, कड्याच्या पायाशी नेते आणि परत आणते. पौर्णिमा गाठलीत तर तुमच्या पाठीशी सूर्य बुडत असताना समोर कड्यामागून चंद्र येईल. का, ते सुनेला समजावून सांगालच. पाणी दोन-तीन लिटर घ्या आणि निम्मं संपलं की मागे वळा. वाटेत एखाद्या सग्वारोला, म्हणजे खांबासारख्या उंच निवडुंगाला, हात फुटलेला दिसला तर नमस्कार केलात तरी चालेल, पहिला हात फुटायलाच त्याला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. तो तुमच्याहून मोठा असण्याचीच शक्यता जास्त.

आणि खिशात कंगवा ठेवा. तिथे चोया नावाचं निवडुंग असतं, नुसतं घासून गेलात तरी काट्यांचा गोळा पोटरीला चिकटतो. हाताने काढायला गेलात की तोच हाताला बसतो. कंगव्याचे दात मधे घालून झटक्यात उडवायचा. टक्कल असलं तरी कंगवा न्या.