जिम नका सोडू भाऊ, ती ट्यूब सोडा

तुमची पोस्ट सौ.ला वाचून दाखवली तर म्हणाली, "हे तुम्हीच लिहिलंय ना?" जिम लावून दोन महिने, कमरेला आणि जांघेत गोल चट्टे, मलम लावलं की चार दिवसांत गायब, थांबवलं की दुप्पट. आणि आता तुमचा प्रश्न, जिम सोडू का?

आंघोळ, धुतलेले कपडे, स्वतःचा नॅपकिन हे बाकीचे सांगतीलच. मी माझी चूक सांगतो. ती मला आठ महिन्यांना पडली. (मी डॉक्टर नाही. रेल्वेत नोकरी, भुसावळला राहतो, एवढंच.)

आमच्या जिममध्ये डेडलिफ्टला (जमिनीवरून वजन उचलायला) कमरेला बांधायचा चामड्याचा एकच पट्टा होता, आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला, सगळ्यांसाठी. आतून घामाने काळा पडलेला, कडेला मिठाच्या पांढऱ्या रेघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत तो कुणाच्या ना कुणाच्या कमरेला. वाळणार कधी? पट्ट्याची कड जिथे रुतायची, बरोबर तिथे माझा पहिला चट्टा उठला. गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी.

इथपर्यंत साधं होतं. पण मी लाजेपोटी डॉक्टरकडे न जाता मेडिकलवर गेलो. काउंटरवरच्या पोराने न बघताच ट्यूब पुढे केली, "घ्या, सगळ्यावर चालतं." चालतंच हो! त्यात स्टिरॉइड असतं. खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत मजेत पसरते. कडा पुसट झाल्या की आपल्याला वाटतं बरं झालं. मी अशा सहा ट्यूबा संपवल्या. २०१८ मध्ये सरकारने असली मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी ती बिस्किटासारखी मिळतात, यावर काय बोलायचं!

शेवटी जळगावला त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी ब्लेडने चट्ट्याची कड खरवडून काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली बघितली आणि आधी ट्यूबबद्दलच झापलं. स्टिरॉइड बंद केल्यावर सुरुवातीला खाज अशी भडकली की रात्री झोप नाही. घाबरून परत ट्यूबकडे वळू नका. गोळ्यांची नावं लिहीत नाही, ती तुमचे डॉक्टर ठरवतील. पण चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध मधेच सोडायचं नाही, मी एकदा तेही करून बसलोय. जांघेतली कातडी पातळ होऊन ज्या रेघा पडल्या, त्या आजही आहेत.

आणि घरात बघा. आमचे टॉवेल एकाच बादलीत, त्यामुळे सौ.ला झालं, मग पोराला. तिघांनी एकदम औषध घेतलं तेव्हा कुठे सुटलो.

जिमच्या मालकाला पट्ट्याचं सांगितलं तर म्हणे, "काही व्हत नही भो, घाम तर येनारच." रोज सकाळी अगरबत्ती मात्र न चुकता. बेंचजवळ स्प्रेची बाटली होती, एकदा हुंगून पाहिली तर नुसतं पाणी. फी वर्षाची भरलेली, परत मिळाली नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जिम बघायला जाल तेव्हा मशिनी नंतर बघा, आधी बेंचचं रेक्झिन फाटलंय का बघा. फाटलेल्या फोमात मुरलेला घाम कुठलाही स्प्रे काढत नाही. आणि फी महिन्याचीच भरा.

   

पट्टा स्वतःचा घ्या, वापरल्यावर उन्हात टाका. आणि आज एवढं करा, ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर ट्यूब खिशात घालूनच डॉक्टरकडे जा, किती महिने लावली तेही खरं सांगा. मी दोन महिने कमी सांगितले होते.