कॉम्प्युटरवर बघायला व्हिडिओ एच.२६४ मध्ये ठेवू की एच.२६५ मध्ये?

एच.२६४. (दोन्ही व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती, २६५ ही नवी.) एमपी४ फाईल, ८ बिट रंग, आवाज एएसी. डोळे झाकून.

तुम्ही लिहिलंय की लग्नामुंजीच्या व्हिडिओंनी हार्डडिस्क भरत आलीय आणि कुणीतरी सांगितलं, एच.२६५ केलं की साईज निम्मी होते. असे सांगणारे घरोघरी असतात. आमच्याकडे साडू आहेत.

धाकट्या मेहुणीच्या लग्नात प्री-वेडिंगचा व्हिडिओ साडूंनी स्वतः काढला. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, भल्या पहाटे, नवा कॅमेरा घेऊन. काम उत्तम होतं, त्याबद्दल वाद नाही. फाईल मात्र फोर-के, १० बिट, ४:२:२ (म्हणजे रंगाची माहिती नेहमीपेक्षा जास्त), एच.२६५. मी आदल्या दिवशी म्हटलं, दादा, लॉन्सवर कुठला लॅपटॉप असेल काय माहीत, एक साधी कॉपी काढून ठेवा. त्यावर उत्तर, "तुम्ही अजून २००३ मध्येच आहात." एच.२६४ त्या साली आलं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं, हेही सांगायला हवं.

हळदीला एलईडी वॉलवाल्याचा लॅपटॉप निघाला इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे जुना, आय-थ्री. गाणं सुरू झालं, चित्र मात्र दोन पावलं चालायचं आणि थांबायचं. नवरी होडीत, ओढणी अर्धी हवेत, आणि तिच्या तोंडावर चौकोन चौकोन. मागून आत्याबाई म्हणाल्या, "नेट गेलं का रे?" नेटचा काही संबंध नव्हता. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू १०० टक्क्यांवर. मग माझ्या खिशातला पेन ड्राईव्ह लागला. त्यात हाच व्हिडिओ होता, १०८० पी, एच.२६४, सीआरएफ (क्वालिटीचा आकडा, कमी तितका चांगला) १९ वर काढलेला. एकदाही न अडकता संपला. साडू आजही म्हणतात, लॅपटॉप भंगार होता. होताच! पण लग्नात लॅपटॉप आपण निवडतो का?

कारण सरळ आहे. एच.२६४ उलगडायचं सर्किट गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक चिपमध्ये असतं, त्यामुळे सीपीयूला घाम फुटत नाही. एच.२६५ आलं २०१३ ला. ते चित्राचे ६४ बाय ६४ पिक्सेलपर्यंतचे तुकडे पाडतं (एच.२६४ मध्ये १६ बाय १६) आणि शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधायच्या त्याच्या ३५ तऱ्हा आहेत, जुन्याच्या ९. साईज वाचते ती या खटाटोपामुळेच, आणि चिपमध्ये सोय नसेल तर तो सगळा सीपीयूच्या गळ्यात पडतो. इंटेलमध्ये १० बिट एच.२६५ नीट चालायला सातवी पिढी लागते. ४:२:२ तर ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियानेही २०२५ च्या ५० मालिकेपासून घेतलं. त्यात विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एच.२६५ साठी बऱ्याच मशीनवर वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाका, तो प्रश्न मिटतो. सीपीयूचा मिटत नाही.

एमकेव्ही की एमपी४, हा वाद इथे आणू नका. तो डबा आहे, आतला माल वेगळा. एफएफएमपेग या फुकटच्या टूलमध्ये आतला माल तसाच कॉपी करून डबा बदलता येतो, क्वालिटी तसूभरही जात नाही.

आता तुमच्या जागेबद्दल. मशीन सातव्या पिढीचं किंवा त्यापुढचं असेल आणि व्हिडिओ फक्त तुम्हीच, त्याच मशीनवर बघणार असाल, तर एच.२६५ खुशाल करा, साडूंचं तेवढं खरं आहे. एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत आणखी लहान करते, पण इंटेलमध्ये त्याला अकरावी पिढी हवी. मात्र आधीच कॉम्प्रेस झालेली फाईल पुन्हा कॉम्प्रेस केली की दर वेळी थोडं काहीतरी जातंच. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ बदलायचं फुकटचं सॉफ्टवेअर) आधी एका मिनिटाचा तुकडा काढून बघा, शक्यतो अंधारातला किंवा हलत्या गर्दीचा, कारण खराबी तिथेच आधी दिसते. आणि कॅमेऱ्यातली मूळ फाईल उडवू नका. दोन टीबीची डिस्क घ्या, ती प्री-वेडिंगपेक्षा स्वस्त पडते.

कुणाला पेन ड्राईव्हवर द्यायचं असेल तर तो फॅट३२ (जुनी फॉरमॅट पद्धत) आहे का तेही बघा, ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर जात नाही. साडूंची सव्वापाच जीबीची होती.