हात मांडीवर

विलेपार्ले, मुंबई

चि. मास्तर,

अनेक आशीर्वाद. (आता ही हाक सवयीची करून घे.)

आपल्या फ्लाइंगच्या सरांच्या शोकसभेत तू मागे खांबाला टेकून उभा होतास. बोलायला उठला नाहीस, बरं केलंस. जे बोलले त्यातल्या निम्म्यांनी सर कधी चिडत नसत असं सांगितलं. सर चिडत. चांगलेच चिडत. मी एकदा ५० मिनिटांच्या फ्लाइटचा लॉगबुकात एक तास लिहिला, तर वही माझ्यापुढे आपटून म्हणाले, "पार्कर पेनने उडायचं असेल तर घरी बसून उड. पेट्रोल तरी वाचेल."

तुझा मेसेज दोनदा वाचला. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग झालं, पुढच्या आठवड्यात पहिला विद्यार्थी डाव्या सीटवर बसणार, आणि अडलं तर विचारायला सर नाहीत. तुला त्यांनी बारामतीला शिकवलं, मला १९८६ साली जुहूला. मधल्या वर्षांत त्यांचे विनोद बदलले असतील, पण हात कुठे ठेवायचे ते बदललं नसावं. मांडीवर, तळवे खाली. तूही ते पाहिलं असशील. तेवढंच मला नीट सांगता येईल.

जुलैतली सकाळ होती. रात्रभर कोसळून पाऊस जरा थांबला होता. पंखाखाली वाकून मी टाकीतलं पेट्रोल नळीत काढलं. पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते, एवढं मी पाठ केलेलं. रेघ नव्हती. "क्लिअर, सर," म्हटलं. सर गप्प. मी वळसा घालून आले, विमानाच्या दाराला हात घातला, तोवर गप्प. मग नळी मागून घेतली, स्वतःच्या पांढऱ्या बाहीसमोर धरली आणि विचारलं, "रंग कोणता?"

रंगच नव्हता. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं. नळीत वरपासून खालपर्यंत पाणीच होतं, मग रेघ कुठून दिसणार? त्यांनी त्यात बोट बुडवून माझ्या नाकाशी धरलं. वासही नाही. निळं उतरेपर्यंत मग मी किती नळ्या जमिनीवर ओतल्या ते मोजलं नाही. सर शेजारी छत्री धरून उभे होते. छत्री अर्थात त्यांच्याच डोक्यावर.

जमिनीवर ते चूक पूर्ण होऊ देत, कारण तिथे तिची किंमत फक्त वेळ. हवेत हिशेब वेगळा. टेकण्याआधी नाक उचलायचं ते फ्लेअर माझं फार उंचावर व्हायचं, विमान तरंगायचं आणि मग धप्पकन आदळायचं. एका सकाळी तीनदा आदळलं. सरांचे हात मांडीवरच. चौथ्या वेळी मला स्वतःलाच कळलं की हे बिघडतंय, मी पॉवर देऊन गो-अराउंड केला, न टेकता विमान पुन्हा वर नेलं. तेव्हा पहिल्यांदा "हं" म्हणाले. ते "हं" मिळावं म्हणून तीन आदळे त्यांनी पाठीच्या कण्यावर घेतले होते.

पण बेसवरून फायनलला, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीच्या सरळ रेषेत यायला, वळताना मी धावपट्टीची रेषा ओलांडली आणि नाक ओढून आणायला वळणाच्या आतल्या बाजूचा रडर (पायाने शेपटी वळवायचं पेडल) दाबू लागले, तेव्हा पेडल हललंच नाही. त्यांचा पाय आधीच तिथे होता. "आय हॅव कंट्रोल." आवाज चढवला नाही. खाली आल्यावर कागदावर आकडे मांडले: उंची न सोडता ६० अंश कलून घेतलेल्या वळणात विमानावर दुप्पट भार, स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो) ४१ टक्क्यांनी जास्त. त्यात स्किड असेल, म्हणजे जादा रडरने शेपटी बाहेर घसरत असेल, तर आतला पंख आधी पडतो, स्पिन सुरू होतो, विमान गरगरत खाली येतं, आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. ही चूक त्यांनी कुणालाही पुरी करू दिली नाही. तूही देऊ नकोस. हात घातलास तर तोंडाने सांग, आणि समोरच्याने खरंच सोडलंय ना ते बघ. दोघंही "तो उडवतोय" असं समजून बसलेले असतात, त्याची मला जास्त भीती वाटते.

आणि मास्तर झालास म्हणजे चुकणार नाहीस, हे डोक्यातून काढ. टेकऑफसाठी धावपट्टीवर लाइन-अप झाल्यावर होकायंत्राकडे बोट दाखवून "कुठली धावपट्टी?" असं सर विचारायचे, जुहूलासुद्धा, जिथे सांगण्यासारखं फार काही नव्हतं. मी एकदा हसले. तेव्हा त्यांनी २४ सप्टेंबर १९७२ ची गोष्ट सांगितली. सांताक्रूझला उतरायचं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमानही तिथेच उतरलं होतं. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा: सांताक्रूझची ०९, जुहूची ०८, मध्ये जेमतेम काही किलोमीटर. "दोन्हीकडे माझ्यापेक्षा मोठी माणसं बसली होती," म्हणाले. त्यानंतर मी हसले नाही.

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायच्या, दिवशी ते इंजिन चालू असतानाच उतरले. उतरण्याआधी रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधून ताणून पाहिला, लोंबता राहून कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून. समुद्राच्या दिशेने टेकऑफ केला. त्यांचं वजन नसल्याने सेसना १५२ अशी वर सुटली की माझ्या पोटात गोळाच आला. डाउनविंडला, धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, उजवीकडे पाहिलं, तर पट्टा आवळलेली सीट. उतरल्यावर बादलीभर पाणी अंगावर आलं, ते सोड. सर मात्र हँगरच्या दारात धावपट्टीकडे पाठ करून उभे होते. पुढे कधीतरी काकूंनी सांगितलं, अशा दिवशी त्यांना नाश्ता जात नसे.

तुलाही जाणार नाही.

ती नळी काकूंनी माझ्याकडे दिली आहे. काठाला चीर आहे, पण गळत नाही. मला आता तिचा उपयोग नाही. रविवारी चारच्या आत येऊन घेऊन जा. पाऊस लागला तर मिलन सबवेकडून येऊ नकोस, पाणी भरतं. लोकलने ये.

तुझी,
ताई